व्हिएतनाममधले शिवालय दिवाळीत पाहू नका

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

सहलींच्या जाहिरातींत अलीकडे व्हिएतनाम ठळक दिसू लागले आहे. दिवाळी स्पेशल, पाच रात्री सहा दिवस, डोंगरावरचा सोनेरी पूल, हा लाँगच्या खाडीतली बोट, आणि यादीत मध्येच कुठेतरी एक ओळ: ‘प्राचीन शिवमंदिर’. हे पत्र त्या एका ओळीसाठी आहे. तिथून परतलेल्यांचे ठरलेले वाक्य असते, ‘नुसते विटांचे ढिगारे, मूर्ती एक नाही.’ दोष त्या जागेचा नाही. ती चुकीच्या महिन्यात, चुकीच्या वेळी आणि उलट्या क्रमाने दाखवली जाते.

आधी नाव. इंग्रजी स्पेलिंग वाचून आपण ‘माय सन’ म्हणतो. तिथल्या चालकाला ते कळत नाही, कारण व्हिएतनामी उच्चार ‘मी सन’ असा आहे. अर्थ सुंदर डोंगर. मध्य व्हिएतनाममध्ये डा नांगपासून साधारण ७० किलोमीटरवर आणि होई आन या जुन्या बंदरापासून ४० किलोमीटरवर, डोंगरांनी वेढलेल्या दोनेक किलोमीटर रुंदीच्या दरीत हे मंदिरसंकुल आहे. डा नांगहून दीड तास, होई आनहून तासाभराचा रस्ता. दोन्ही बाजूंना भातशेती आणि खेडी लागतात.

आता महिना. आपल्याकडे पाऊस सरतो तेव्हा तिकडे सुरू होतो. ईशान्य मोसमी वारे समुद्रावरून येऊन थेट किनाऱ्यामागच्या डोंगररांगेवर आदळतात. त्यामुळे डा नांगला एकट्या ऑक्टोबरात सरासरी ६०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सोलापूर जिल्ह्याला जेवढा पाऊस वर्षभरात मिळतो, जवळपास तेवढा! नोव्हेंबरही पावसाचाच. होई आनच्या रस्त्यांवरून होड्या फिरतात, दरीतल्या ओढ्याला लोंढा येतो, विटांवर शेवाळ धरते आणि पाय घसरतो. म्हणजे मराठी माणसाची दिवाळीची सुट्टी हाच तिथला सर्वांत वाईट काळ. फेब्रुवारीअखेर ते एप्रिल हा चांगला हंगाम. जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत येणारे त्यांचे चांद्र नववर्ष, म्हणजे तेत, मात्र टाळावे. त्या आठवड्यात दुकाने बंद असतात आणि गाड्या महागतात. मे महिन्यात पाऊस फार नसतो, पण ऊन असते. यावर सोलापूरकर हसेल. हसू नये. आपले ४२ अंश कोरडे असतात, घाम वाळतो आणि वाळताना अंग थंड करतो. त्या दरीत पारा ३५ वर असला तरी हवा दमट आणि वारा पडलेला, त्यामुळे घाम वाळतच नाही. उन्हाची सवय आहे म्हणून टोपी-पाण्याशिवाय निघालेला माणूस तासाभरात सावली शोधत बसतो. माणशी एक लिटर पाणी आणि मीठ-साखरेची पुडी हा कमीतकमी हिशेब.

वेळेचे गणित सोपे आहे. सहलींच्या बसेस डा नांगहून नाश्ता करून निघतात आणि साडेनऊच्या सुमारास येऊन थडकतात. त्याआधीचे दोन तास खरे. मंदिरांची दारे बहुतेक पूर्वेकडे आहेत. कोवळे ऊन तिरपे पडते तेव्हाच विटांवरचे कोरीव काम उठून दिसते; दुपारी बारा वाजता तीच भिंत सपाट, तांबूस फळी वाटते. होई आनला मुक्काम ठेवून पहाटे साडेपाचला निघालात की सात वाजायच्या आत फाटकावर पोचता. गेल्या काही वर्षांत परदेशी पाहुण्यांना दीड लाख डोंगांचे तिकीट आहे, म्हणजे आपले पाचशेच्या आसपास रुपये, आणि त्यात आतल्या विजेच्या गाडीचे भाडे येते. गाडी पुढे सोडते, तिथून चालायचे. मंदिरांचे सगळे गट नीट पाहायला अडीच ते तीन तास लागतात. सहलीचा वाटाड्या ४५ मिनिटे देतो आणि त्यातलीही बरीचशी, ही मंदिरे बांधणाऱ्या चाम लोकांच्या नृत्याच्या कार्यक्रमात जातात. नृत्य वाईट नाही, पण त्यासाठी ही दरी गाठायची गरज नव्हती.

क्रमाची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. मी सनच्या मूर्ती मी सनला नाहीत. बहुतेक महत्त्वाची शिल्पे डा नांग शहरातल्या चाम शिल्प संग्रहालयात आहेत. फ्रेंचांनी १९१५ मध्ये त्याची इमारत सुरू केली आणि १९१९ मध्ये ते उघडले. आदल्या दिवशी तिथे दोन तास घालवल्याशिवाय दरीत जाऊ नये. तिथे शेषशायी विष्णू आणि त्याच्या नाभिकमळातला ब्रह्मा कोरलेला दारावरचा दगड आहे; तो मी सनच्या ‘ई १’ मंदिराचा (अक्षर मंदिरांच्या गटाचे, आकडा त्यातल्या वास्तूचा). त्याच मंदिराची वाळूच्या दगडातली वेदी आहे. तिच्या कडेने तपस्वी कोरले आहेत: कुणी बासरी वाजवतो आहे, कुणी पोथी सांगतो आहे, कुणी दुसऱ्याचे अंग रगडून देतो आहे. उभा गणपती ‘ई ५’ मधला, मोरावरचा स्कंद ‘बी ३’ मधला, नाचणारा शिव ‘सी १’ च्या दारावरचा. हे डोळ्यांत साठवून गेलात की दरीतल्या रिकाम्या चौकटी रिकाम्या वाटत नाहीत. ‘ई १’ समोर उभे राहून इथे वेदी होती, वर विष्णू होता, असे स्वतःशी मांडता येते. उलट क्रमाने गेलात तर आधी ढिगारे आणि मग काचेमागचे दगड, दोन्ही वाया.

ती ए, बी, सी, डी अक्षरे आंरी पार्मांतिए या फ्रेंच वास्तुविशारदाने दिलेली आहेत. १८९८ मध्ये फ्रेंचांना जंगलात ही मंदिरे सापडली आणि पुढच्या काही वर्षांत पार्मांतिएने त्यांची मोजमापे, नकाशे आणि रेखाटने केली. ७० च्या वर वास्तू नोंदल्या गेल्या. आज उभ्या दिसतात त्या वीसच्या आसपास, त्याही धड-अधड. काळाने केले त्यापेक्षा जास्त एका आठवड्याने केले. १९६९ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकी विमानांनी दरीवर बाँब टाकले, कारण जंगलात गनिमांचा तळ होता. सुमारे २४ मीटर उंचीचे ‘ए १’, चाम स्थापत्यातले सर्वांत देखणे मानले जाणारे मंदिर, त्यात कोसळले. पार्मांतिएची रेखाटने नसती तर ते कसे होते हे आज सांगताही आले नसते. बाँबचे खड्डे अजून दिसतात. गवताने भरले आहेत आणि पर्यटक त्यांना तळे समजतात. आखलेल्या पायवाटेवरूनच चालावे ही सूचना तिथे शिस्तीसाठी लिहिलेली नाही. युद्धानंतर दरी साफ करताना सुरुंगांनी माणसे मेली आहेत.

हे चाम लोक कोण, हे वाटाड्या दोन वाक्यांत उरकतो, म्हणून थोडे सविस्तर. आजच्या मध्य आणि दक्षिण व्हिएतनामच्या किनाऱ्यावर चंपा नावाची राज्ये होती. चौथ्या शतकाच्या अखेरीस भद्रवर्मन राजाने या दरीत शिवाचे देऊळ बांधले आणि देवाला आपले नाव जोडून भद्रेश्वर म्हटले. ते लाकडी देऊळ पुढे आगीत गेले. सातव्या शतकात शंभुवर्मनने ते पुन्हा उभारले आणि देव शंभुभद्रेश्वर झाला. राजाच्या नावाने देवाचे नाव ठेवण्याची रीत आपल्या चालुक्य-यादव काळातल्या शिलालेखांत भरपूर दिसते, त्यामुळे मराठी वाचकाला यात परके काही वाटू नये. तेराव्या-चौदाव्या शतकापर्यंत इथे बांधकाम चालू राहिले.

शिलालेखांकडे आपला माणूस पाठ फिरवतो, कारण अक्षरे लागत नाहीत. पण मजकूर ऐकण्यासारखा आहे. इथला प्रकाशधर्म राजाचा संस्कृत लेख शके ५७९ चा, म्हणजे इ. स. ६५८ चा. त्यात कौंडिण्य नावाच्या ब्राह्मणाची कथा येते: द्रोणपुत्र अश्वत्थाम्याकडून मिळालेला भाला त्याने भवपुरात रोवला आणि नागराजाची कन्या सोमा हिच्याशी विवाह केला. त्याच लेखात गंगाराज नावाच्या राजाची आठवण आहे, जो गंगेच्या दर्शनासाठी राज्य सोडून निघाला. प्रकाशधर्माचाच दुसरा लेख जवळच्या चा किएऊ गावचा आहे, चंपाची जुनी राजधानी सिंहपूर ती हीच. त्यात वाल्मीकी ऋषींच्या पूजेचा उल्लेख आहे, शोकातून श्लोक जन्मल्याच्या कथेसह. आणि कालगणना शकाची, जी आपल्या पंचांगावर छापलेली असते तीच. लेखाखालच्या पाटीवर शक दिला असेल तर ७८ मिळवावेत (तिथी जानेवारी ते मार्चमधली असेल तर ७९, वरच्या लेखात तसेच आहे), इसवी सन मिळतो.

प्रत्यक्ष पाहताना काय पाहावे? मुख्य देवळाला तिथे ‘कलन’ म्हणतात. चौरस गाभारा, एकच दार, उरलेल्या तीन बाजूंना खोटी दारे, वर तीन टप्प्यांचे शिखर. आपल्यासारखा सभामंडप गाभाऱ्याला चिकटलेला नसतो. मंडप वेगळा, पुढ्यात, लांबट. ‘डी १’ आणि ‘डी २’ हे असे मंडप आहेत आणि आता त्यांत शिल्पे मांडली आहेत. गाभाऱ्याच्या आग्नेयेला, उत्तरेकडे तोंड करून एक लांबट इमारत असते: कोषगृह, देवाची भांडी, वस्त्रे आणि नैवेद्याची सिद्धता तिथे. आग्नेय कोपरा अग्नीचा, हे आपल्या वाड्यांतल्या स्वयंपाकघराने पाळले तेच तत्त्व. ‘बी ५’ हे त्याचे उत्तम उदाहरण, दहाव्या शतकातले. त्याचे छप्पर उलट्या होडीसारखे, मधे दबलेले आणि टोकांना उचललेले. भिंतीवर झाडाखाली दोन हत्ती आहेत. दहा मिनिटे फक्त या एका इमारतीभोवती फिरावे. शेजारचे ‘बी १’ हे भद्रेश्वराचे स्थान मानतात. आज फक्त दगडी जोते उरले आहे, म्हणून लोक पुढे निघून जातात, पण सगळ्या संकुलात दगडात बांधलेले देऊळ हे एवढेच.

विटांपाशी मात्र थांबावेच लागते. दोन विटांच्या मध्ये चुना किंवा माती दिसत नाही, पात्याचे टोकही शिरणार नाही इतके सांधे घट्ट. त्यावर शंभर वर्षे वाद चालला. कुणी म्हणाले, कच्ची भिंत रचून सगळे देऊळच भाजले. ते पटत नाही, कारण एवढ्या जाडीची भिंत आतपर्यंत सारखी भाजणे अवघड. जास्त मान्य असलेले उत्तर असे: भाजलेल्या विटा एकमेकींवर घासून बसवायच्या आणि मध्ये झाडाच्या राळेचा पातळ थर द्यायचा. ‘झाउ राई’ नावाच्या झाडाची राळ तिथले कोळी अजूनही होड्यांच्या फटी बुजवायला वापरतात. नक्षी आधी कोरून विटा लावलेल्या नाहीत. भिंत उभी राहिल्यावर ती दगडासारखी कोरली आहे. म्हणून एकाच माणसाच्या चेहऱ्यावरून सांधे जातात. छपरात कमान नाही. प्रत्येक थर आतल्या बाजूला जरासा पुढे सरकवत वर नेला आहे. आत मान वर करून पाहिले तर विहिरीत उलटे डोकावल्यासारखे दिसते.

बिघडते कुठे तेही सांगायला हवे, कारण आपल्याकडचा धडा त्यात आहे. नव्या विटांनी भरलेल्या जागा काही वर्षांत पांढुरक्या होतात, तर शेजारची हजार वर्षांची वीट लालच राहते. वीट जमिनीतले पाणी ओढते, पाणी पृष्ठभागावर येऊन उडून जाते, क्षार मागे राहतात. सांध्यात सिमेंट असेल तर प्रकार आणखी वाईट: सिमेंट विटेपेक्षा कठीण आणि बंद, पाण्याला वाट फक्त विटेतून, मग विटेचाच पापुद्रा सुटतो. सोलापूर जिल्ह्यातल्या हेमाडपंती देवळांना जीर्णोद्धाराच्या नावाखाली सिमेंटचा गिलावा आणि वर ऑइलपेंट चढवणाऱ्या मंडळांनी हे वाचावे. दगड आतून असाच कुजतो. मी सनला हे काम पोलंडच्या काझिमिएझ क्विआत्कोव्स्की यांनी १९८० च्या दशकात सुरू केले, पुढे ‘जी’ गट इटलीच्या तज्ज्ञांनी सावरला. १९९९ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात नोंद केली. आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने २०१७ पासून ‘के’, ‘एच’ आणि ‘ए’ गट हाती घेतले. त्या कामात मे २०२० मध्ये ‘ए १०’ मंदिरात वाळूच्या दगडाचे अखंड शिवलिंग मिळाले, नवव्या शतकातले. ते तिथेच आहे. घाईत असलात तरी ‘ए’ गट सोडू नका.

आणि इथेच आपल्या लोकांचे हात शिवशिवतात. शिवलिंग दिसले की बाटलीतले पाणी ओतायचे, कुंकवाचे बोट लावायचे, नाणे ठेवायचे. कृपया नको. हे पूजेतले देऊळ नाही, कित्येक शतके नाही. वाळूचा दगड सच्छिद्र असतो. हळद-कुंकवाचा रंग त्यात मुरतो तो निघत नाही, दूध-साखरेवर बुरशी धरते, पाण्यासोबत क्षार आत जातात. हात जोडून उभे राहायला कुणी अडवत नाही. त्यापेक्षा लिंगाचे तीन भाग शोधावेत: खाली चौकोनी ब्रह्मभाग, मधे अष्टकोनी विष्णुभाग, वर गोल रुद्रभाग. योनिपीठाची पन्हळ उत्तरेकडे आहे का, तेही पाहावे. सोलापुरात सिद्धरामेश्वरांच्या अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा केलेल्या माणसाला हे कुणी शिकवावे लागत नाही.

चाम देवाची जिवंत पूजा पाहायची असेल तर मी सनला नव्हे, दक्षिणेला फान रांगजवळच्या पो क्लोंग गराई मंदिरात जावे. ज्यांना ‘बालामोन’ म्हणतात (हा आपलाच ब्राह्मण शब्द) ते चाम लोक तिथे अजून पूजा करतात. त्यांच्या पंचांगातल्या सातव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी, साधारण सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात, ‘काते’ उत्सव असतो; तेव्हा मुखलिंगाला, म्हणजे मुख कोरलेल्या शिवलिंगाला, स्नान घालून वस्त्रे नेसवतात. तो व्हिएतनाममधला सर्वांत कोरडा पट्टा आहे. दसरा-दिवाळीतच निघायचे असेल तर हा रस्ता मी सनपेक्षा शहाणपणाचा. न्हा चांगहून शंभरेक किलोमीटर.

तयारीच्या काही गोष्टी. ई-व्हिसा सरकारी संकेतस्थळावरून स्वतः काढता येतो: एकदा प्रवेशाचा २५ डॉलर, अनेकदा प्रवेशाचा ५० डॉलर, ९० दिवसांपर्यंत. नावात साधर्म्य असलेली खासगी संकेतस्थळे दुप्पट-तिप्पट घेतात. चूक होते ती नावात. आपल्या पासपोर्टवर स्वतःचे आणि वडिलांचे किंवा पतीचे नाव मिळून ‘दिलेले नाव’ असते आणि आडनाव वेगळे. अर्जात मधले नाव गाळले की व्हिसा पासपोर्टशी जुळत नाही, विमानतळावर अडवतात आणि फी परत मिळत नाही. पासपोर्टच्या खालच्या दोन यंत्रवाचनीय ओळी समोर ठेवून अक्षर न् अक्षर भरावे. तीन कामाचे दिवस सांगतात, पंधरवडा हाताशी ठेवावा. मुंबईहून हनोई आणि हो ची मिन्ह सिटीला थेट विमाने आहेत, पुढे डा नांग सव्वा-दीड तास. घड्याळ दीड तास पुढे करावे.

नोटांत २० हजार आणि ५ लाख या दोन्ही निळसर. अंधारात टॅक्सीत २० हजारांच्या जागी ५ लाख गेले की साडेसोळाशे रुपये गेले. दोन्ही वेगळ्या खिशात ठेवाव्यात. होई आनहून गाडी जाण्या-येण्याची मिळून ठरवावी, कारण दरीतून परतताना ॲपवर गाडी मिळेल याचा भरवसा नाही. भाड्याची मोटारसायकल स्वस्त दिसते, पण भारतात मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना १९४९ च्या कराराचा आणि व्हिएतनाम मानते तो १९६८ चा. अपघात झाला तर विमा कंपनी याच मुद्द्यावर हात वर करते.

शाकाहाऱ्यांनी दोन शब्द पाठ करावेत: ‘आन चाय’, म्हणजे शाकाहारी जेवण. भाजीतही नुओक माम हे माशांचे पाणी टाकतात आणि ते मांसात मोडत नाही असे त्यांना प्रामाणिकपणे वाटते. म्हणून ‘नुओक माम नको’ हे व्हिएतनामी लिपीत फोनवर लिहून ठेवून दाखवावे. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला, म्हणजे आपल्या अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, तिथले बौद्ध लोक शाकाहार करतात. त्या दिवशी शाकाहारी जेवण कुठेही मिळते. मुक्काम त्या तिथीवर बेतला तर सोय होते. एरवी दरीच्या आसपास जेवणाची आशा न धरता कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पिशवीत असू द्यावी. भाकरी तिथल्या दमट हवेत दोन दिवसांत मऊ पडते, हवाबंद डबा लागतो.

शेवटची सूचना खर्चाची नाही. निघण्याआधी एका रविवारी हत्तरसंग कुडलला जावे. दक्षिण सोलापूर तालुक्यात, भीमा-सीनेच्या संगमावर. तिथे शके ९४० चा मराठी शिलालेख आहे आणि ३५९ मुखे कोरलेले शिवलिंग आहे. लेखातला शक शोधा, लिंगाचे भाग ओळखा, पाणी कोणत्या दिशेला जाते ते पाहा. मी सनच्या दरीत हीच तीन कामे करायची आहेत.

आपले,
मंदिरस्थापत्याचे दोन अभ्यासक, सोलापूर